झाकण उघडायचं नाही

४ मार्च, दुपार

सावकाश,

माझं सगळं बदललं ते आज सकाळी, सव्वादहाच्या सुमारास, तुझ्या खोलीच्या चौकटीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ तिसऱ्यांदा आपटली तेव्हा. पहिल्या दोन ठोक्यांना लाकूड लाकडासारखं वाजलं. तिसऱ्याला पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. वरचा निळा रंग मात्र जसाच्या तसा, गुळगुळीत, कालच दिल्यासारखा.

हो, तुझ्याच खोलीच्या. मी तुमच्या घरात येतो-जातो. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण आधी वाच.

कॉलेज सोडून सात महिने झाले. मामाकडे राहतो आणि मामाचंच काम करतो. लोकांच्या घरातली, अंगणातली वाळवी घालवायची. मामाचा डावा कान लहानपणीच गेला. उजवा तो लाकडाला लावून बसतो, त्यामुळे काम चालू असताना जगाचं ऐकायला त्याच्याकडे कानच उरत नाही. ते खातं माझ्याकडे. ‘भाचेबुवा, मी लाकडाचं ऐकतो, तू गिऱ्हाइकाचं ऐक,’ असं म्हणतो तो. तू मला भडका म्हणायचीस, मी तुला सावकाश. भडक्याला गिऱ्हाइकाचं निमूट ऐकायची नोकरी लागलीय. हस.

जानेवारीत एक बाई दुकानात आल्या. कपडे शिवते म्हणाल्या, घराच्या मागच्या भिंतीवर मातीच्या रेघा चढल्यात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मामामागून पिशवी घेऊन गेलो. दार उघडलं, आणि समोरच्या भिंतीवर तू. दोन वेण्या, कपाळाला आठ्या, फोटो काढणाऱ्यावर खूप वैतागलेली. तेव्हाच मागच्या मागं फिरायला हवं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

आज चौकटीवरून हात काढायच्या आत तुझ्या आईंनी बाहेरून विचारलं, ‘काय रे, लागलीय का तिथं?’ ‘थोडीशी,’ मी म्हणालो. किती थोडीशी, ते आज लिहवत नाही.

त्या शिवणाकडे परत गेल्यावर मी एकटाच तिथं चौकटीला कान लावून बसलो होतो. कोरडी वाळू एका हातातून दुसऱ्या हातात ओतावी तसं काहीतरी आत चाललेलं असतं. थांबतं, पुन्हा सुरू होतं. निळ्या पडद्यातून ऊन आत येत होतं, त्यामुळे सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. मला वाटलं, या घरात आता लाकूड कुठंच नाही, नुसता रंग उभा आहे, आणि त्या रंगात मी टेकून बसलोय. डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा गालावर चौकटीची रेघ उमटली होती.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तरी लिहितोय. कुठं टाकायचं ते नंतर बघू.

भडका


५ मार्च, चहाच्या वेळी

सावकाश,

मामानं पहिल्या दिवशी काय केलं ते तुला सांगायलाच हवं.

मागच्या भिंतीवर, कुणी ओल्या बोटानं नद्या काढाव्यात तशा मातीच्या नळ्या वर चढल्या होत्या. वाळवीला उजेड सोसत नाही, वारा सोसत नाही, म्हणून ती आपल्यापुरता बोगदा बांधत बांधत चालते. मला वाटलं, आता मामा औषध काढणार. त्यानं नखानं दोन बोटं रुंद नळी खरवडून काढली आणि म्हणाला, ‘चल घरी.’

‘आणि औषध?’

‘आधी बघू तरी, आत कुणी राहतं का. उजाड घराला कशाला औषध पाजायचं?’

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मोडलेली जागा ओल्या, काळसर मातीनं बुजवलेली. सांधा कुठला, ते बोट फिरवल्यावरच कळावं. मामाला केवढा आनंद! ‘आहेत, आहेत, घरातच आहेत,’ अशा थाटात म्हणाला की जणू पाहुणे म्हणून आलो होतो आणि मंडळी बाहेर गेलेली नव्हती. मी तोंड फिरवून नळाकडे गेलो. मोडलेलं कुणीतरी एका दिवसात परत बांधतं, हे मला त्या वेळी बघवलं नाही.

मग तीन दिवस अंगणात राबलो. जळणाची रास भिंतीला टेकून होती, ती उचलून कुंपणापाशी विटांवर रचली. गळक्या नळाचा वायसर बदलला. भिंतीला ओल मिळाली की वाळवीला निमंत्रण. लिंबाच्या आळ्यातला पालापाचोळा भिंतीपासून लांब ओढला. पुठ्ठ्याची खोकी उचलली, तर एकाखाली वाळवीच्या पारदर्शक पंखांचा ढीग होता. नुसते पंख, मालक कुठंच नाही. ओंजळीत घेतले तर वजनच नव्हतं. मी फुंकर मारली आणि ते उन्हात बराच वेळ खाली आलेच नाहीत.

तुझ्या आईंना मी काकू म्हणतो. काकू माझ्यावर खूश होत्या.

‘शिकलायस किती रे?’ मशीन चालवता चालवता विचारलं.

‘अर्धवट.’

‘बरं केलंस. पूर्ण शिकणारे बघितलेत मी. माझ्या पोरीच्या वर्गात एक होता कार्टा. भर चौकशीत उठून म्हणाला, हिचं प्रोजेक्ट मीच लिहून दिलंय! कुणी विचारलं होतं का त्याला? कुत्र्यानं तरी विचारलं होतं?’

‘वाचवायचं असेल त्याला तिला,’ मी म्हणालो.

‘बुडणाऱ्याला वाचवतात रे. ही काठावर बसली होती. यानं आधी ढकलली, मग वरून स्वतःही उडी मारली.’

मामा फळीला कान लावून बसला होता. त्याला फक्त काकूंचे हातवारे दिसले. ‘काय म्हणतायत?’

‘कुणाला तरी शिव्या देतायत.’

‘आपल्याला नाही ना?’

‘नाही,’ मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही भिंतीलगत आठ डबे पुरले. भोकं पाडलेले पत्र्याचे डबे, आत मऊ लाकडाच्या कांड्या आणि ओला पुठ्ठा. वाळवी त्यात जमली की मामा आपलं पांढरं औषध मिसळतो. औषध हळू चढतं, त्यातच त्याची खुबी. ती ते खाते, घरी नेते, एकमेकींना भरवते, राणीलाही भरवते. दोन महिने लागतात. अट एकच, आणि ती मामानं माझं मनगट धरून सांगितली: ‘झाकण उघडायचं नाही. उजेड आत गेला, डबा हादरला, की वाळवी ती वाट टाकते आणि दुसरीकडून घुसते. कुठून, ते आपल्याला सांगत नाही.’

चहा गार झाला.

भडका


७ मार्च

मी झाकण उघडत होतो. रोज.

परवा हे लिहायचं होतं, लिहिलं नाही. आज मायना घालायचंही धाडस नाही.

औषध घालून झाल्यावर आम्हाला तुमच्याकडे यायचं कारणच उरलं नव्हतं. मामा दुसऱ्या कामांवर गेला. मी त्याला सांगायचो, नळ्यांचं टोक बघून येतो. काकूंना सांगायचो, डबे तपासायला आलोय. नुसतं उभं राहून काय तपासणार? काकू खिडकीतून बघायच्या. म्हणून मी गुडघ्यावर बसायचो, झाकण उचलायचो, आत डोकावून ‘हं’ म्हणायचो. एक झालं की दुसरा डबा. आठ डबे म्हणजे अर्धा तास. अर्ध्या तासात काकू हाक मारायच्या, ‘ये, पाणी पी.’ पाणी प्यायच्या जागेवरून तुझ्या खोलीचा पडदा दिसतो. मंगळवारी तर दुपारभर रेंगाळायचो, कारण मंगळवारी तुझं पत्र येतं आणि काकू मशीनच्या आवाजावर आवाज चढवून त्यातलं सांगतात. मावशीच्या दुकानात पाकिटं चिकटवतेस. हाताला डिंकाचा वास राहतो. तिथलं पाणी जड आहे, केस गळतात. सगळं मला ठाऊक आहे, आणि मी एकदाही डोळे वर करून ऐकलेलं नाही.

तू सगळ्याला ‘सावकाश’ म्हणायचीस. जिना उतरताना, चहा ओतताना, मी कुणाच्या अंगावर जायला निघालो की. दोन महिने झाकण बंद ठेवायचं होतं, एवढंच काम होतं.

वाळवीनं डबे सोडले. भिंतीच्या पोटातून, फरशीच्या भेगेतून ती वर आली आणि तुझ्या चौकटीत शिरली.

चौकटीला लागून ते भिंतीतलं कपाट. ४ तारखेला मी तेही उघडलं होतं. खालच्या फळीवर तुझी कच्ची वही होती, खाकी वेष्टणाची. लेबलावर तुझं अक्षर. वेष्टण अगदी नवं. उघडली तर आत पानं नव्हती. पानांच्या जागी माती, आणि मातीत नागमोडी वाटा, आणि मधूनच शाईची एखादी निळी वेलांटी अजून लटकलेली.

ती वही काकू कशासाठी जपून होत्या, तेही मला माहीत होतं. कॉलेजातून त्यांना कळवलं होतं, पंधरा मार्चच्या आत मुलीची मूळ कच्ची वही आणा, नाहीतर त्या मुलाचा लेखी जबाब आणा. दोन्हीतलं एक मिळालं तर शेरा काढू, वर्ष परत देऊ. जबाबाची आशा काकूंनी कधीच सोडलेली. ‘त्या कार्ट्याला कुठं शोधू? वही आहे की,’ असं त्या माझ्यासमोरच, माझ्या हातात पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या होत्या.

मी वही मिटली आणि जशी होती तशी परत ठेवली.

‘कपाटाला नाही ना लागली?’ काकूंनी विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो.

आज सकाळी मामा आला. त्यानं पहिल्या डब्यापाशी बसून झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं. एवढ्या दिवसांत तिथं गंज धरायला हवा होता. कडा घासून चकचकीत झालेली. दुसऱ्या डब्याचीही. आठव्यापर्यंत गेला. हात झटकले.

‘मामा, ओरड तरी,’ मी म्हणालो.

‘कशाला? बाईंना तू सांगायचंस. मी येतो बरोबर, पण मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही. डावा कान त्यांच्याकडे करून उभा राहीन.’


९ मार्च, संध्याकाळ

सावकाश,

सांगितलं.

काकू मशीनवर बाहीला शिवण घालत होत्या. मी म्हणालो, ‘काकू, तुमच्या घरातली वाळवी माझ्यामुळे आत आली. मी डबे उघडत होतो. चौकट पार गेलीय, कपाटालाही लागलीय.’ मामा ठरल्याप्रमाणे डावा कान पुढे करून उभा.

‘उघडायचे नाहीत हे तुला माहीत नव्हतं?’

‘होतं.’

‘मग?’

‘रोज उघडत होतो.’

‘अरे पण रोज कशाला?’

बघ, किती साधा प्रश्न! दोन महिने मी हजार खोटी उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी दुसऱ्याच प्रश्नांची होती. या एका प्रश्नाला खरं सोडून दुसरं उत्तरच नव्हतं.

‘इथं यायला मिळावं म्हणून,’ मी म्हणालो. ‘काकू, तो कार्टा मी.’

त्यांनी मशीन थांबवलं नाही. आधी बाही पूर्ण केली. दोरा दातानं तोडला, बाही उलटवून बघितली, घडी केली. मग उठून तुझ्या खोलीत गेल्या. आम्ही दोघं तिथंच. मामा माझ्याकडे बघेना. आतून काही फुटल्याचा, पडल्याचा आवाज येईल असं वाटत होतं, पण तसलं काही आलं नाही. वही घेऊन बाहेर आल्या. चालताना तिच्यातून माती सांडत होती, दारापासून मशीनपर्यंत एक बारीक रेघ.

मी म्हणालो, ‘मला मारा हवं तर.’

‘आणि मग?’

‘माफ करा, काकू. मी फार चुकलो.’

‘मला सांगून काय उपयोग? मी प्राचार्य आहे का?’ कापायचा मोठा कागद टेबलावर पसरला, त्याचा एक चतकोर कात्रीनं टर्रकन काढला आणि माझ्यापुढे सरकवला. ‘इथं लिही. नंतर चांगल्या कागदावर उतरव.’

मी लिहायला बसलो. तीन चतकोर लागले. तुला माहीत आहे मी कसा लिहितो. काकू खडूनं कापडावर खुणा करतात, तोच निळा खडू घेऊन वाचायला लागल्या.

‘“निस्सीम प्रेमापोटी”. खोड.’

खोडलं.

‘“भावनेच्या भरात”. खोड. भरात काय, भरधाव मोटार होती का? “तिच्या निर्मळ डोळ्यांतले अश्रू पाहून”. ती रडली होती?’

‘नाही.’

‘माझी पोरगी चारचौघात रडत नाही. खोड. यात तुझं कौतुक नको मला. आणि हे काय? “मी स्वतःला कधीही क्षमा करणार नाही”. प्राचार्यांना काय करायचंय तुझ्या क्षमेचं?’

शेवटी चार ओळी उरल्या. तिचं प्रोजेक्ट मी लिहिलेलं नाही. मी त्यातलं एक अक्षरही लिहिलेलं नाही. चौकशीत मी खोटं बोललो. ते मला कुणीही सांगितलं नव्हतं.

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, ‘एक ओळ कमी आहे.’

‘कुठली?’

‘जी तू लिहीत नाहीयेस ती. निर्दोष माणसाला वाचवायला कुणी उठतं का रे? दुसऱ्या दिवशी ती हीच वही दाखवणार होती. तुझ्या बोलण्यानंतर ती कुणी बघितलीच नाही. तिथं बसून राहिला असतास तरी चाललं असतं. तू उठलास कशाला?’

मामाचा उजवा कान आता पूर्ण वळलेला होता.

‘उद्या लिहितो,’ म्हणालो आणि निघून आलो. दुकानं, सायकली, कुणाच्या तरी गॅलरीतलं वाळत घातलेलं धुणं, सगळं आतून पोकरून वरचा रंग तेवढा ठेवल्यासारखं दिसत होतं. बोटानं दाबलं तर बोट आत जाईल असं वाटून मी कशालाही हात लावला नाही.

भडका


१३ मार्च, सकाळ

सावकाश,

ती ओळ लिहायला चार दिवस गेले. आधी तुला लिहितो.

त्या दिवशी सरांनी दोन अहवाल शेजारी ठेवले आणि परिच्छेदच्या परिच्छेद जुळत होते. दुसऱ्यानं तुझं उतरवलं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, तू उतरवलंयस. मनात म्हणालो, असेल, केलं असेल, म्हणून काय झालं, मी आहे ना. आणि उठलो. सात महिने मी स्वतःला सांगत होतो की मी तुझ्यासाठी स्वतःला जाळून घेतलं. खरं एवढंच की त्या खोलीत सगळ्यांत आधी तुला चोर मी ठरवलं, सरांच्याही आधी. म्हणून तू वळून तसं बघितलंस. रागानं नाही. आपलंच दार आहे असं समजून कुणी हात लावावा आणि ते दार भलत्याच घराचं निघावं, तसं.

जबाबात पाचवी ओळ आता आहे: ‘ती दोषी आहे असे मी विचार न करता गृहीत धरले होते.’ काकूंनी वाचली. खडू उचललाच नाही.

मामानं कॉलेजात माझी जागा अजून राखून ठेवली होती, हे मला काल कळलं. दर महिन्याला जाऊन कारकुनाला भेटून यायचा, ‘पोरगं येईल परत’ म्हणायचा. हा जबाब दिला की नाव कायमचं कटणार. मी त्याला तसं सांगितलं. तो पान्याची मूठ पुसत होता. म्हणाला, ‘आता मला कारकुनाची मर्जी सांभाळायला नको. त्याच्या ऑफिसातल्या टेबलाला वाळवी आहे, मी सांगितलं नव्हतं त्याला. आता सांगून टाकतो.’

चौकट काल बदलली. सुतारानं जुनी काढली तेव्हा ती हातातच मोडली, आवाजसुद्धा झाला नाही. खालच्या भेगेत मामानं पातळ औषध सोडलंय, फरशी बुजवलीय. कपाट रिकामं करून उन्हात ठेवलंय. डबे पुन्हा पुरलेत, नव्या जागी. मी पुरलेत, पण त्यांच्याकडे बघायचं काम माझं नाही. मोडलेल्या नळीकडे बघून काकू मामाला कळवतील. मी या घरी येणार नाही.

हे मी तुझ्या टेबलावर बसून लिहितोय. परवानगी काकूंनी दिली. म्हणाल्या, ‘शेवटचं काय असेल ते तिथं बस आणि लिही. अकराला ऑफिस उघडतं. त्याच्या आत.’ आधीची चारही पत्रं आणलीत. मी विचारलं, ‘तिला पाठवाल?’

‘वाचीन आधी.’

‘सगळी?’

‘लाज वाटते?’

‘हो.’

‘वाटू दे. मग ठरवीन. आणि मी पाठवली काय, नाही पाठवली काय, तू विचारायला यायचं नाहीस.’

येणार नाही. तुझं उत्तर आलं का, तू परत आलीस का, वर्ष मिळालं का, हे मला कळणार नाही, आणि कळावं म्हणून मी या गल्लीतून सायकल नेणार नाही. तू आजवर मला एकच गोष्ट शिकवत होतीस. मला ती डब्यांकडून शिकावी लागली, तीही तुझी वही गेल्यावर.

खोलीत आज उजेड वेगळा आहे. पडदा धुवायला काढलाय. कान लावून बघितला, लाकूड गप्प आहे. नव्या लाकडाचा वास येतोय, रंग अजून दिलेला नाही. बाहेर काकूंचं मशीन सुरू आहे, थांबतं, पुन्हा सुरू होतं. जबाब खिशात आहे, चार घड्या, दोनदा तपासलाय. साडेदहा वाजले.

सुतार म्हणाला, लाकूड नवं आहे, दार थोडे दिवस घट्ट बसेल. ओढताना खालून जरा उचलावं लागतं. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

पान तुझ्या पेनाखाली ठेवतोय. उठलो. बाहेर आलो की दार खालून जरा उचलीन, ओढीन, आणि बसलं की नाही ते ढकलून बघणार नाही.